नदी तळ्याला मिळते तेथे

मुंबईहून नाशिककडे जाणारा हमरस्ता घोटीपाशी सोडून जो प्रवासी भंडारदऱ्याच्या वाटेला लागतो, त्याला प्रथम दर्शन घडते ते कळसूबाईचे. महाराष्ट्रातील हे सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर उंचीचे, वाटेवर बराच वेळ सोबत करते, आणि बारीचा घाट उतरून शेंडी गावात पोहोचेपर्यंत आपण कोणाच्या तरी अंगणात शिरत आहो अशी एक आदरयुक्त भावना मनात निर्माण करते. मार्गशीर्षातील एका सायंकाळी मी, माझा पुतण्या आणि त्याचे दोन मित्र असे चौघे त्या अंगणात उतरलो, तेव्हा जलाशयाच्या पाण्यावर उन्हाची शेवटची तिरीप होती, पलीकडच्या काठावरच्या वाड्यांतून चुलींचा धूर सरळ वर चढत होता, आणि पाण्याला इतकी निश्चलता होती की रतनगडाचे ‘नेढे’ म्हणजे त्याच्या माथ्यावरचे ते आरपार भोक पाण्यातील प्रतिबिंबात शोधण्याचा मोह मुलांना झाला. तंबू ठोकून दोन रात्री तळ्याकाठी राहायचे आणि गळ टाकून मासे धरायचे, एवढाच आमचा बेत होता. परंतु अशा बेताच्या निमित्ताने मनुष्य पाण्याकडे दोन दिवस टक लावून बसतो, आणि पाणी बघणाऱ्याला पुष्कळ काही शिकवते.

हे तळे निसर्गाने दिलेले नाही, हे आधी सांगितले पाहिजे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा नदी शेंडीपाशी अडवून बांधलेले विल्सन धरण १९१० साली हाती घेण्यात आले आणि १९२६ साली पूर्ण झाले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले आणि जलाशयाला आर्थर लेक म्हणू लागले. पायापासून सुमारे २७० फूट उंचीची ती दगडी भिंत त्या काळी देशातील अत्युच्च धरणांमध्ये गणली जात असे, आणि तिच्यामागे आजही सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठते. ज्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत वर्षाचा पाऊस ५०० मिलीमीटरच्या आसपास घुटमळतो, त्याच जिल्ह्याच्या या पश्चिम कोपऱ्यात, रतनवाडी-घाटघरच्या डोंगरांवर, कित्येक वर्षी तो ५००० मिलीमीटरची मर्यादाही ओलांडून जातो; एका मुलखाची अतिवृष्टी दुसऱ्या मुलखाच्या अवर्षणाला उपयोगी पडावी, हा या बांधकामाचा हेतू होता आणि तो सफळ झाला. याच पाण्याच्या कालव्यांवर संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडील माळरानांत ऊस उभा राहिला, आणि लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून जो सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, त्याच्या मुळाशीही हीच प्रवरा आहे. पुढे हीच नदी नेवाशाच्या काठावरून वाहते, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि प्रवरासंगमास गोदावरीला मिळते. तंबू ठोकणाऱ्या प्रवाशाने ध्यानात ठेवण्याची पहिली गोष्ट ही की, ज्या पाण्याकाठी तो दोन रात्रींच्या विरंगुळ्यासाठी येतो, ते पाणी खाली शेकडो गावांच्या पोटापाण्याचे आहे, आणि त्यासाठी या खोऱ्यातील लोकांनी आपली जमीन पाण्याखाली जाऊ दिलेली आहे.

तळ्याचा पुष्कळसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत मोडतो. हे अभयारण्य १९८६ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. त्यामुळे काठावर मन मानेल तेथे तंबू ठोकण्याची येथे सोय नाही, आणि असूही नये. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून पावती घ्यावी, मुक्कामाची जागा गावकऱ्यांनी किंवा पर्यटन खात्याने नेमून दिलेली असेल तीच पत्करावी, हे उत्तम. आम्ही एका शेतकऱ्याच्या भाताच्या खाचरात उतरलो होतो. कापणी होऊन गेलेली होती. पायाखाली भाताची वाळलेली सडे टोचत होती आणि मातीला अजून भाताचा वास होता. तंबू बांधावर नव्हे, बांधाच्या आड, वाऱ्याकडे पाठ करून लावावा, आणि पाण्याच्या अगदी कडेला तर कधीच लावू नये, असे घरधन्याने बजावले. कारण धरणाच्या तळ्याचा काठ स्थिर नसतो, पाणी सोडले की तो सरकतो, आणि नुकताच उघडा पडलेला गाळ वरून कोरडा दिसत असला तरी खाली गुडघाभर रुततो. पोहण्याच्या बाबतीतही त्याचे म्हणणे स्पष्ट होते: बुडालेल्या खोऱ्याचे उतार पाण्याखाली तसेच तीव्र आहेत, दोन पावलांवर कमरेइतके पाणी असते आणि तिसऱ्या पावलाला थांग लागत नाही.

आता मासेमारीकडे वळतो. महाराष्ट्रातील बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा हक्क शासन स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देते, आणि अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याचा अंमल असतो. म्हणून हौशी माणसाने आधी संस्थेची संमती आणि वनखात्याची परवानगी यांची विचारपूस करावी आणि मगच गळ बाहेर काढावा. आम्हांला ज्या जागी बसण्याची मुभा मिळाली, तेथे आमच्या आधीच एक वयस्क गृहस्थ उकिडवे बसलेले होते. हे बाबा महादेव कोळी समाजातील होते, आणि सारा जन्म याच पाण्याच्या सान्निध्यात गेलेला असल्याने पाण्याबद्दल फार न बोलण्याची त्यांना सवय होती. माझ्या पुतण्याजवळ मुंबईहून आणलेली चकचकीत काठी आणि चकरी होती. त्यांच्याजवळ एक बांबूची काठी, तंगुसाचा दोरा, तरंगण्यासाठी मोरपिसाची काडी, शिशाची एक लहान गोळी, आणि केळीच्या पानात गुंडाळलेली ओली गांडुळे होती.

त्यांची कृती मी जवळून पाहिली. गांडूळ त्यांनी आकड्यावर असे ओवले की टोक झाकले जावे, परंतु गांडुळाचे शेपूट मोकळे वळवळत राहावे. मग दोरा न फेकता, काठी नुसती पुढे झुकवून, काठापासून दोन वावांवर बुडालेल्या एका खोडाच्या सावलीत गळ अलगद सोडला. पुतण्याने मात्र आपला गळ शक्तीनिशी दूर भिरकावला होता. “लांब टाकून काय मिळतंय, दादा,” बाबा म्हणाले, “मासा काठाला येतो खायाला. आपणच त्याला लांब समजतो.” बराच वेळ काही घडले नाही. मग मोरपिसाची काडी एकदा थरथरली, थांबली, आडवी झाली आणि पाण्याखाली न जाता बाजूला सरकू लागली. मी अभावितपणे पुढे झालो. बाबांनी डाव्या हाताने मला थांबवले. काडी सरळ होऊन खाली गेली तेव्हाच त्यांनी मनगट वर उचलले, झटका न देता, जसे एखादे झाकण उचलावे तसे. आणि तळहाताहून थोडी मोठी चिलापी, पाठीचा काट्यांचा पंखा उभारून, काठावरच्या गवतात पडली. तिला धरताना त्यांनी आधी हात पाण्यात भिजवून घेतला. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि तो थर गेलेला मासा पाण्यात परत सोडला तरी रोगाने मरतो, हे कारण त्यांनी विचारल्यावर सांगितले. पुढच्या तासाभरात त्यांनी पाच मासे धरले आणि त्यांतले दोन, लहान म्हणून, परत सोडले. घरी खाणारी माणसे तीन होती.

कोकणात ज्याला ‘गरवणे’ म्हणतात ती ही विद्या दख्खनलाही परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, राजाच्या विनोदांचे वर्णन करताना, ‘मत्स्यविनोद’ या नावाने गळाच्या मासेमारीला स्वतंत्र स्थान दिले आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणाला कोणते खाद्य आवडते, काठी, दोरा आणि आकडा कसा असावा, यांचा तेथे शास्त्रासारखा विचार आहे. नऊशे वर्षांपूर्वी ज्या राजसभेत या विषयाला ग्रंथात जागा मिळाली, त्या राजसभेचे राज्य याच दख्खनवर होते. तेव्हा काठी घेऊन तळ्याकाठी बसणे हा साहेबी छंद आहे, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे, ती निराधार होय.

या तळ्यात आज जे मासे गळाला लागतात, त्यांतील बरेचसे मुळातले येथले नव्हेत. चिलापी आफ्रिकेतून आली. रोहू, कटला आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातील मासे. ते वाहत्या पुराच्या पाण्यात वितात, तळ्याच्या साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, म्हणून जलाशयांत त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, बाहेरून आणून सोडावी लागतात. ही पिल्ले मुबलक मिळू लागली त्याचे श्रेय हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांकडे जाते. त्यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे पोषग्रंथीच्या अर्काचे टोचण देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि तो दिवस आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून देशभर पाळला जातो. याउलट मरळ, वाम, शिंगाळा हे आपल्या नद्यांतील जुने रहिवासी. त्यांना कोणी आणून सोडले नाही, आणि ते नाहीसे झाले तर परत आणणेही सोपे नाही.

या जुन्या रहिवाशांमध्ये सर्वांत मानाचा मासा म्हणजे महसीर; आपल्याकडे त्याला खडशी, खवल्या अशी स्थानपरत्वे नावे आहेत. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम सायक्स यांनी दख्खनच्या माशांची जी पाहणी केली, तिच्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील या माशाचे वर्णन १८३९ साली आले, आणि मराठी मुलखात त्याचे जे ‘खुद्री’ नाव कानावर पडले तेच त्याच्या शास्त्रीय नावात कायमचे राहिले. मोठमोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, घशात दात असलेला हा मासा स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्यावाचून जगत नाही, आणि पहिल्या पुरात तो अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो. धरणांनी त्याचा रस्ता अडवला, सुरुंगाने व विषाने मासे मारणाऱ्यांनी त्याचे डोह रिकामे केले, आणि शहरांच्या सांडपाण्याने उरलेले काम पुरे केले. तरीही तो कोठे टिकला, हे पाहिले म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. देहूला इंद्रायणीच्या डोहात, तुकोबांच्या पुण्याईने पवित्र झालेल्या पाण्यात, मासे न धरण्याची रीत होती. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून लोक त्यांना खाऊ घालतात. वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात महादेवाच्या देवळाशी असाच डोह आहे. कायद्याने अभयारण्ये ठरवण्याच्या कितीतरी आधी, आपल्या पूर्वजांनी नदीचा एकेक तुकडा राखून ठेवला होता, आणि नदीची बीजशक्ती त्या तुकड्यात जिवंत राहिली होती.

आधुनिक काळात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या तळ्याशी महसीराची पैदास सुरू केली, सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या मत्स्यशास्त्रज्ञांचे त्या कामातील संशोधन मोलाचे आहे, आणि १९७० च्या दशकापासून तेथील पिल्ले देशातील अनेक नद्या-जलाशयांत पोहोचली. परंतु याच सत्कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कावेरीच्या खोऱ्यात पाठीवर उंचवटा असलेला एक वेगळा, प्रचंड महसीर राहतो. १९४६ साली काबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका शिकाऱ्याने गळावर धरलेला मासा १२० पौंडांचा होता, आणि कावेरीकाठच्या भीमेश्वरीसारख्या तळांवर जगभरचे हौशी लोक केवळ त्या माशासाठी येऊन राहत, धरलेला मासा मोजून परत पाण्यात सोडत, आणि त्या निमित्ताने नदीची राखणही होत असे. पुढे तेथील अभयारण्यातील गळाची मासेमारी बंद करण्यात आली. याच कावेरीत बाहेरून आणून सोडलेला खुद्री महसीर इतका फोफावला की मूळच्या माशाची पीछेहाट झाली, असे अभ्यासकांना आढळले. मूळच्या माशाची शास्त्रीय ओळख २०१८ साली निश्चित झाली आणि त्याच वर्षी अत्यंत संकटग्रस्त म्हणून त्याची नोंद झाली. कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. नदीत काय घालावे यापेक्षा नदीचे काय तिच्यापाशी राहू द्यावे, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीने आम्ही तळे ओलांडून रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराचे ते शिलाहारकालीन देऊळ, त्याच्या काळ्या पाषाणावरची वेलपत्ती आणि शेजारची पायऱ्यांची पुष्करिणी यांचे वर्णन स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांशी बारा शिवालये बांधली अशी परंपरा सांगते, आणि हे देऊळ त्यांतलेच मानले जाते. उगमाशी देऊळ बांधणे म्हणजे उगमाशी आपले हात जोडलेले ठेवणे, आणि जोडलेले हात काही ओरबाडू शकत नाहीत.

देवळाहून काठाकडे परतताना, जेथे रतनगडाकडून येणारी प्रवरा गोट्यांवरून खळखळत तळ्यात शिरते तेथे, पुतण्याने काठी सोडवली. जागा मोहक होती. थंड, वाहते, स्वच्छ पाणी, आणि त्यात लहान माशांचे थवे चमकताना दिसत होते. बाबा आमच्याबरोबर आले होते. ते होडीतून उतरले आणि पुतण्याजवळ जाऊन उभे राहिले. “हितं नको टाकू, दादा,” ते म्हणाले, “हितं नदी तळ्याला मिळती. पयल्या पावसात मासा हितनंच वर चढतो. पोटुशी लेक माहेरी येती, तर आपण तिच्या वाटंत आडवं बसतो का?” पुतण्याने निमूटपणे दोरा गुंडाळला. मी तेथे एकही पाटी पाहिली नाही, की पहारेकरी पाहिला नाही. जो नियम देहूच्या डोहात देवाच्या नावाने सांगितला गेला होता, तोच येथे माहेरच्या नावाने सांगितला गेला.

पाटीवाचून पाळायचे नियम या तळ्याकाठी आणखीही आहेत. वैशाखाच्या शेवटापासून पहिला पाऊस लागेपर्यंत या खोऱ्यातील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या झाडांवर लाखो काजवे एका तालात पेटतात आणि विझतात, आणि ते पाहण्यासाठी तळ्याकाठी तंबूंची गर्दी होते. तो प्रकाश म्हणजे नरमाद्यांची परस्परांना घातलेली साद असते. आपण गाडीचे दिवे आणि विजेऱ्या रोखल्या की ती साद हरवते. तेव्हा काजव्यांच्या दिवसांत अंधार राखावा, झाडाखाली चूल पेटवू नये, आणि मोठ्याने गाणी लावू नयेत. गळ टाकणाऱ्याने आषाढ-श्रावणात, माशांच्या विणीच्या काळात, काठी घरीच ठेवावी. अंड्यांनी भरलेला मासा लागला तर सोडून द्यावा. पुरतील तेवढेच धरावे. आणि तुटलेल्या तंगुसाचा वीतभर तुकडाही काठावर टाकू नये, कारण तो कुजत नाही आणि बगळ्या-पाणकोंबड्यांच्या पायांना फास होऊन बसतो. राहण्या-जेवण्याचा पैसा गावातच द्यावा. नागलीची भाकरी, काळभाताचा भात आणि माशाचे कालवण गावच्या चुलीवर जसे होते तसे आपल्या स्टोव्हवर होत नाही.

या सर्व सूचनांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बाबांचीच, आणि वाचकांनी ती लक्षात ठेवावी अशी माझी कळकळीची विनंती आहे: भंडारदऱ्याला जा, पवनेला जा, कोयनेला जा, कोठेही तळ्याकाठी तंबू ठोका आणि मनसोक्त गळ टाका, परंतु जेथे नदी तळ्याला मिळते, तेथे टाकू नका.